आइसलँडची लाकडी गस्ती बोट 'मारिया युलिया' – हिची पूर्ण गोष्ट कुणाला माहितीय का?

तारवटी_काणकोण

नमस्कार मंडळी. मी काणकोणचा, क्रूझ जहाजावर इंजिन डिपार्टमेंटला आहे. आमचं जहाज उन्हाळ्यात आइसलँडला जायचं तेव्हा इसाफ्योर्दुर नावाच्या बंदरात एक जुनी लाकडी बोट कायम धक्क्याला बांधलेली दिसायची. रंग पार गेलेला, पण पुढची बाजू बघितली की कळायचं, बांधणाऱ्यानं जीव ओतून बांधलीय. नाव मारिया युलिया. मला वाटायचं जुनी मासेमारीची बोट असेल, पण धक्क्यावर दोर घेणाऱ्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की ही मासेमारीची राखण करणारी सरकारी बोट होती आणि हिनं इंग्रजांच्या ट्रॉलरवर (मागं मोठं जाळं म्हणजे ट्रॉल ओढत मासे पकडणाऱ्या बोटीवर) तोफ डागलीय. त्यापुढं बोलणं झालं नाही, माझी वॉच (ड्युटीची पाळी) सुरू व्हायची होती.

तेव्हापासून डोक्यात बसलंय. एवढीशी लाकडी बोट, समोर लोखंडी ट्रॉलर आणि त्यांच्या पाठीशी ब्रिटिश नेव्ही, हे जमलं कसं? आणि लाकडाचीच का बांधली, तेव्हा स्टील होतंच की. दुसरं म्हणजे आपल्याकडं गोव्यात अशी फक्त मासेमारी राखायला म्हणून बोट कधी होती का? माझे बाबा रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) होते, ते सांगतात की सत्तरच्या दशकात ट्रॉलर इतके जवळ यायचे की डेकवरच्या माणसाचं तोंड ओळखू यायचं, रापण टाकलेली असताना वरून जायचे आणि जाळं फाटलं तर तक्रार घेऊन जायचं कुणाकडं तेच माहीत नसायचं. म्हणून हा विषय मला नुसता टाइमपास म्हणून नकोय, जाणकारांनी जरा सविस्तर लिहा.

जुनी_गलबतं (पणजी)

बाब, म्हाताऱ्यानं खरं तेच सांगितलं तुम्हाला. थोडं लांबण लावतो कारण मागची पार्श्वभूमी कळल्याशिवाय ही बोट कळणार नाही.

मारिया युलिया १९५० ची, डेन्मार्कमध्ये फ्रेडरिकसुंदला बांधलेली, ओकच्या लाकडाची, १३७ टनांची. इसाफ्योर्दुर ज्या भागात येतं तो आइसलँडचा वायव्य कोपरा, वेस्टफ्योर्ड, तिथं शेती म्हणावी अशी नाही, सगळं पोट मासळीवर. आणि त्या लोकांच्या मागं दोन गोष्टी लागलेल्या. एक म्हणजे हिवाळ्यातली वादळं, ज्यात लहान बोटी जायच्या आणि घरातले कर्ते पुरुष एका रात्रीत संपायचे. दुसरी म्हणजे परदेशी ट्रॉलर, जास्त करून इंग्लंडच्या हल आणि ग्रिम्स्बी बंदरांतले. आइसलँड डेन्मार्कच्या राजाखाली असताना १९०१ मध्ये डेन्मार्क आणि ब्रिटननं आपसात करार करून मासेमारीची हद्द फक्त ३ सागरी मैलांची ठरवली होती. म्हणजे किनाऱ्यापासून ३ मैल सोडले की पुढं कुणीही ट्रॉल ओढावा, मोठमोठ्या खाड्यांच्या मध्यावर सुद्धा. गावचे लोक गळाच्या लांब दोऱ्या टाकून बसायचे आणि ट्रॉलर त्या ओढून घेऊन जायचे. तुमच्या बाबांनी जे काणकोणात बघितलं तेच.

तर वेस्टफ्योर्डच्या लोकांनी आधी वर्गणी सुरू केली ती बचाव बोटीसाठी, हे महत्त्वाचं आहे. गस्तीसाठी नव्हे. इसाफ्योर्दुरच्या एका नवरा-बायकोनं मोठी देणगी दिली, त्यातल्या बाईचं नाव मारिया युलिया, तेच बोटीला ठेवलं. मग सरकार त्यात आलं आणि असं ठरलं की एकाच बोटीनं तिन्ही कामं करायची: बुडणाऱ्यांना वाचवायचं, हद्दीची राखण करायची, आणि माशांचा अभ्यास करायचा. बोटीवर संशोधनाची सोय बांधतानाच केलेली होती, शास्त्रज्ञ बरोबर फिरायचे. मला या बोटीबद्दल सगळ्यात जास्त आदर याचाच वाटतो. बुडताना जी बोट मदतीला येते तिनं उद्या तुम्हाला सांगितलं की इथं जाळं टाकू नको, तर तुम्ही तिचं ऐकता.

आता तोफेचं. १९५२ मध्ये आइसलँडनं हद्द ४ मैल केली आणि ती मोजायची कशी तर खाड्यांच्या तोंडावर सरळ रेषा ओढून, म्हणजे खाड्या सगळ्या आत आल्या. ब्रिटनला राग आला, त्यांच्या बंदरांत आइसलँडच्या मासळीला बंदी झाली. आइसलँडनं मासळी सोव्हिएत युनियनला आणि दुसरीकडं विकली पण मागं हटले नाहीत. मग १ सप्टेंबर १९५८ ला हद्द थेट १२ मैल. ब्रिटननं जाहीर केलं की आमचे ट्रॉलर आमच्या युद्धनौकांच्या संरक्षणात आतच मासे पकडणार, आणि सुरुवातीला २० ट्रॉलर, ४ युद्धनौका आणि एक पुरवठ्याचं जहाज घेऊन आले सुद्धा. आइसलँडकडं होत्या ७ गस्ती बोटी आणि एक कॅटलिना विमान. त्या सातातली एक मारिया युलिया. नेव्ही म्हणून त्यांच्याकडं काहीच नव्हतं, आजही नाहीय.

दुसऱ्याच दिवशी थोर नावाची मोठी गस्ती बोट आणि मारिया युलिया यांची माणसं नॉर्दर्न फोम या ट्रॉलरवर चढली, ब्रिटिश फ्रिगेट (युद्धनौका) ईस्टबोर्ननं येऊन त्यांना उतरवलं, त्यातले नऊ जण बरेच दिवस फ्रिगेटवर होते आणि मग एका रात्री त्यांना वल्ह्याच्या होडीत घालून केफ्लाविकजवळ सोडून दिलं. ४ तारखेला आयगिर नावाची गस्ती बोट आणि एचएमएस रसेल एकमेकांवर आदळल्या. आणि ६ ऑक्टोबर १९५८ ला मारिया युलियानं किंगस्टन एमराल्ड या ट्रॉलरच्या दिशेनं तीन गोळे झाडले आणि तो ट्रॉलर हद्दीबाहेर पळाला. म्हातारा सांगत होता ते हेच.

आता जमलं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. ताकदीनं जमलं नाही, जमणारही नव्हतं. पण ट्रॉल पाण्यात असताना ट्रॉलर पळू शकत नाही, वळायलाही वेळ लागतो, त्यामुळं गस्ती बोट नुसती जवळ आली तरी काम थांबतं. म्हणून ब्रिटिश नेव्हीला आपल्या ट्रॉलरना सांगावं लागलं की ठरावीक चौकोनात राहा, तिथंच आम्ही राखू. पण मासळी काही त्या चौकोनात थांबत नाही! ट्रॉलर गर्दी करून एकाच जागी ओढत राहिले आणि बाजूला चांगली मासळी असून जाता येईना. युद्धनौका पाठवायचा खर्च वर. १९६१ मध्ये ब्रिटननं १२ मैल मान्य केले, तीन वर्षं काही भागांत काही महिने ट्रॉलरना मुभा मिळाली आणि पहिलं कॉड युद्ध (कॉड माशावरून या भांडणाला पडलेलं नाव) संपलं.

गोव्याचं दुसऱ्यांनी लिहावं, इथं माझ्यापेक्षा जास्त जाणणारे आहेत. ट्रॉलरवाल्यांचीही बाजू यावी.

मेस्त_बेतूल

लाकडाचं मी सांगतो, घरात चार पिढ्या हेच काम चाललंय.

१९५० ला स्टील होतं हे बरोबर, पण लहान बंदरात स्टील दुरुस्त करायला वेल्डिंगचं सामान आणि माणूस लागतो, लाकूड दुरुस्त करायला गावचा सुतार पुरतो. आइसलँडच्या त्या गावांत मासेमारीच्या बोटी लाकडाच्याच होत्या, म्हणजे फळी बदलणारा माणूस प्रत्येक बंदरात मिळणार. गस्ती बोट महिनाभर दुरुस्तीला दूर गेली तर राखण बंद, त्यामुळं हा विचार साधा वाटला तरी मोठा आहे. आणि डेन्मार्कच्या लोकांचा ओकच्या कामात हात बसलेला, फासळ्या ओकच्या आणि वरच्या फळ्याही ओकच्या. असं लाकूड मार खातं, बर्फ घासला तरी फळी चेपते, फुटत नाही. तोफेचा धक्का म्हणाल तर तोफ जिथं बसवतात तिथं डेकच्या खाली जाड आडवे तुळे देऊन तो भार फासळ्यांवर नेऊन सोडतात, नाहीतर दोन-तीन गोळ्यांत डेकचे सांधे हलतील.

ओक आणि आपलं सागवान यात फरक मोठा. ओकमध्ये टॅनिन जास्त, त्यात साधा लोखंडी खिळा मारला की खिळा गंजतो आणि भोवतीचं लाकूड काळं पडून मऊ होतं, म्हणून खिळे बघून वापरावे लागतात. सागात तेल असतं, ते खिळ्यालाही सांभाळतं. आपल्याकडं खरी अडचण वेगळी, आपलं पाणी गरम, त्यात लाकूड पोखरणारा किडा वर्षभर जोरात. थंड पाण्यात तो एवढा फोफावत नाही. म्हणून आपल्या लोकांनी माशाचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल लावायची रीत काढली आणि पावसाळ्यात होड्या वर ओढून झावळ्यांखाली ठेवतात, त्यात दुरुस्तीही होते आणि किडाही मरतो. काथ्यानं शिवलेल्या होड्या तर खिळ्याचा प्रश्नच ठेवत नाहीत, वाळूत आपटली तरी शिवण थोडी हलते आणि पुन्हा बसते. ही कारागिरी आता फार थोड्या हातांत उरलीय आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण ही पुस्तकात बघून येणारी गोष्ट नाही, बाजूला बसून बघावी लागते.

एक अजून. तारवटी बाब, तुम्ही म्हणता रंग गेलेला, धक्क्याला बांधून ठेवलेली. लाकडी बोटीला समुद्राचं पाणी मारत नाही, पावसाचं मारतं. खारं पाणी लाकूड टिकवतं, पण डेकच्या फटीतून गोडं पाणी आत गेलं की वरून खाली कुजत येतं. चालती बोट रोज धुतली जाते, फट दिसली की कुणीतरी लगेच भरतं. बांधून ठेवलेल्या बोटीकडं कोण बघणार? आणि वर काढून ठेवाल तर फळ्या सुकून सांधे उघडतात.

खारीवाडा_वास्को

ट्रॉलरवाल्यांची बाजू यावी म्हणालात म्हणून लिहितो, आमचा ट्रॉलर आहे, आजोबांनी घेतलेला, तोही लाकडीच.

पहिली गोष्ट, हल-ग्रिम्स्बीचे ट्रॉलर परके होते, हजार मैलांवरून आलेले. गोव्यात ट्रॉलर परके नव्हते. मुक्तीनंतर सरकारच सांगत होतं की यांत्रिक बोटी घ्या, कर्ज घ्या, सबसिडी देतो, सुंगटांना (कोळंबीला) बाहेर मोठा भाव आहे. आमच्या आजोबांना कुणी सांगितलं नाही की किती दूर जाऊन ओढायचं, कारण तेव्हा तसा नियमच नव्हता. सुंगटं मिळतात ती उथळ पाण्यात, चिखलाच्या तळावर, म्हणजे नेमकी तिथंच जिथं रापण आहे. त्यामुळं भांडण होणारच होतं, पण ते भांडण भावाभावांत लावून देऊन मग बाजूला झाले ते कोण, हेही बघायला हवं.

दुसरी गोष्ट, आज आमच्या जेटीवर जे लोक नियम पाळतात त्यांचंच जास्त नुकसान होतं. एलईडी लाइट लावून मासे गोळा करणं आणि दोन बोटींनी एक जाळं ओढणं या दोन्हींवर केंद्राची २०१७ पासून बंदी आहे, तरी बाहेर रात्री समुद्रात उजेड दिसतो तो सगळ्यांना दिसतो. पारंपरिक वाल्यांना वाटतं सगळे ट्रॉलर तसले. आम्हालाही गस्त हवीय, मनापासून हवीय, पण सगळ्यांना सारखी लावणारी.

रापणीची_लेक

मी मोरजीकडची, वडील आणि काका रापणीवर, आई मासळी विकायची. खारीवाडा बाब, तुम्ही जे लिहिलं ते मला पटलं, सबसिडीचा मुद्दा आमच्या घरातही याच शब्दांत बोलला जातो. पण आमची बाजूही नीट लिहून ठेवते कारण नवीन मुलांना ती माहीत नाही.

रापण म्हणजे चाळीस-पन्नास माणसांचं काम, होडीनं जाळं अर्धगोल टाकून यायचं आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचं. ती किनाऱ्यावरच चालते, तिला खोल पाण्यात जाताच येत नाही. ट्रॉलरला दोन्हीकडं जाता येतं. म्हणून ट्रॉलर आत आला की एका कुटुंबाचं नाही, अख्ख्या वाड्याचं जेवण जातं, वाटा सगळ्यांचा असतो ना. सत्तरच्या दशकात रापणकार एकत्र आले, गोंयच्या रापणकारांचो एकवट उभा राहिला, माथानी साल्ढाणा हे शिक्षक होते ते पुढं आले, मोर्चे, उपोषणं, समुद्रात राडे सगळं झालं. १९७८ मध्ये देशभरातल्या मच्छीमारांचा जो फोरम झाला त्याचं सुरुवातीचं नेतृत्व माथानींकडंच होतं, म्हणजे गोव्यातला हा वाद देशाचा झाला. केंद्रानं १९७६ मध्ये मजुमदार समिती नेमलेली, तिनं किनाऱ्याजवळचा पट्टा वेगळा राखावा म्हटलं, आणि मग १९८० मध्ये गोवा, दमण आणि दीवचा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. तेव्हा असा कायदा करणारे आम्ही आणि केरळ हेच पहिले. किनाऱ्यापासून ५ किलोमीटरच्या आत ट्रॉलिंग नाही, हे त्यातून आलं.

आता तारवटी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. समुद्रात ५ किलोमीटरची रेषा कुणी आखून ठेवलेली नाही. रात्री किनाऱ्यावरून इंजिनचा आवाज येतो, दिवा दिसतो, पण तो दिवा ४ किलोमीटरवर आहे की ६ वर हे वाळूत उभं राहून कसं सांगणार? ज्याच्याकडं बोट आहे तोच सांगू शकतो. आमचे लोक तेव्हा स्वतःच होड्या घेऊन ट्रॉलरवर जायचे, तेही वल्ह्यांनी, आणि कायद्याच्या दृष्टीनं तो गुन्हा व्हायचा. आइसलँडच्या लोकांनी वर्गणी काढून बोटच बांधली हे वाचून माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगते. आमच्याकडं माणसं होती, जिद्द होती, कायदाही शेवटी मिळाला, ती एक बोट तेवढी राहून गेली.

तारवटी_काणकोण

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. रापणीची लेक, तुमची पोस्ट मी बाबांना फोनवर वाचून दाखवली, ते म्हणाले वाट्याचं लिहिलंय ते अगदी बरोबर, विधवा बाईचा सुद्धा वाटा असायचा.

जुनी गलबतं बाब, अजून दोन शंका. या कॉड युद्धात कुणी मेलं का? आणि मासेमारी राखायला सरकारनं लाकडी बोट ठेवणं हे जगात कुठं आधी सुरू झालं, आणि आपल्या देशात कधी? गोवा सोडा, बाकी भारतात तरी.

जुनी_गलबतं (पणजी)

पहिल्या कॉड युद्धात कुणी दगावलं नाही. नंतर १९७२ ला आइसलँडनं हद्द ५० मैल केली, तेव्हा त्यांनी नवीनच हत्यार काढलं, नांगरासारखं चार पात्यांचं अवजार बोटीमागं ओढायचं आणि ट्रॉलरच्या मागून तिरकं जाऊन त्याच्या ट्रॉलच्या तारा कापायच्या. अख्खं जाळं आणि मासळी तळाला. गोळी न झाडता ट्रॉलरचा धंदा बंद, याच्यासारखी अक्कल मी दुसरीकडं वाचलेली नाही. त्या दुसऱ्या युद्धात ऑगस्ट १९७३ मध्ये आयगिर आणि एचएमएस अपोलो यांची टक्कर झाली, आयगिरवरचा इंजिनियर नंतर वेल्डिंग करत असताना पाणी आत आलं आणि शॉक लागून गेला. तुम्ही इंजिनवाले, तुम्हाला कळेल ते. (ही आयगिर नवी, १९५८ ची नव्हे, नाव तेच ठेवतात ते लोक.) मारिया युलिया या सगळ्यात नव्हती, ती १९६९ मध्येच विकली गेलेली, पात्रेक्सफ्योर्दुरच्या लोकांनी घेऊन तिची मासेमारीची बोट केली आणि २००३ पर्यंत ती मासे पकडत होती. म्हणजे १९५० ते २००३, एका लाकडी बोटीनं किती काम करावं! मग तिथल्या संग्रहालयांनी घेतली, तेव्हाच तुम्ही ती बांधलेली बघितली असणार. २०२३ मध्ये दुरुस्तीसाठी तिला उत्तर आइसलँडला ओढत नेलंय.

१९७५ ला आइसलँडनं २०० मैल जाहीर केले, तिसरं युद्ध जून १९७६ मध्ये संपलं. आणि आपला सागरी क्षेत्रांचा कायदा ऑगस्ट १९७६ चा, त्यात १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र आणि २०० मैलांचं आर्थिक क्षेत्र. वारं तेव्हा जगभर त्याच दिशेचं होतं, पण त्या वाऱ्याला आधी तोंड दिलं ते असल्या छोट्या बोटींनी.

सगळ्यात आधी कुठं हे मी सांगणार नाही, कारण राजेरजवाडे आपापल्या पाण्यात माणसं फिरवतच होते. पण मला आवडणारं जुनं उदाहरण कॅनडाचं आहे. सेंट लॉरेन्सच्या आखातात पियर फोर्तिन नावाचे डॉक्टर होते, त्यांना १८५२ मध्ये मासेमारीच्या संरक्षणासाठी मॅजिस्ट्रेट नेमलं आणि १८५५ मध्ये त्यांच्यासाठी ला कॅनाडियेन नावाची शिडाची लाकडी स्कूनर बांधली. कोर्टच बोटीवर! आखातात फिरायचं, अमेरिकन मच्छीमार आणि गावकरी यांची भांडणं तिथंच ऐकायची, तिथंच निकाल द्यायचा, डॉक्टर असल्यामुळं आजाऱ्यांनाही बघायचं. १८६७ पर्यंत ते हे काम करत होते. बघा, इथं पण तेच, राखण आणि मदत एकाच बोटीवर.

आपल्या देशाचं चित्र उलटं आहे आणि मला ते फार बोलकं वाटतं. ब्रिटिशांच्या काळात सरकारनं मासेमारीसाठी म्हणून ज्या मोठ्या बोटी आणल्या त्या कशासाठी, तर कुठं किती मासळी आहे हे शोधायला. १९०८ ला बंगालच्या उपसागरात गोल्डन क्राउन, १९२१ ला मुंबईकडं विल्यम कॅरिक, १९२७ ला मद्रासला लेडी गोशेन, सगळे वाफेवरचे ट्रॉलर. स्वातंत्र्यानंतरही जोर यांत्रिकीकरणावर, १९५३ पासून केरळात नॉर्वेच्या मदतीनं प्रकल्प, लहान यांत्रिक बोटी, उत्पादन वाढवा. म्हणजे पकडायची बोट आधी आली आणि राखणारी फार मागून. खारीवाडा बाब सबसिडीचं जे म्हणतात त्याची मुळं इतकी जुनी आहेत.

राखणारी मागून आली ती तटरक्षक दलाच्या रूपानं, १ फेब्रुवारी १९७७ ला तात्पुरतं आणि १८ ऑगस्ट १९७८ पासून कायद्यानं. नेव्हीकडून मिळालेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती बोटींवर सुरुवात, त्या पाचांत एकीचं नाव पणजी होतं. पण त्यांच्यावर तस्करीपासून परदेशी ट्रॉलरपर्यंत सगळाच भार, गावच्या ५ किलोमीटरचा पट्टा हे राज्याचं काम. आणि गोव्याला बोट बांधता येत नव्हती असं तर मुळीच नाही. वास्कोची गोदी १९५७ ची, पोर्तुगीजांनी खनिजाच्या बार्ज बांधायला सुरू केलेली, १९६७ पासून गोवा शिपयार्ड, आज देशभरच्या तटरक्षक दलाची गस्ती जहाजं तिथं बांधली जातात. २६/११ नंतर किनारी पोलिसांना ज्या २०४ बोटी पहिल्या टप्प्यात मिळाल्या, १२ टनी आणि ५ टनी, त्यातल्याही बऱ्याच तिथल्याच.

मेस्त_बेतूल

दुरुस्तीला नेलीय हे ऐकून बरं वाटलं. पण तुमच्यापैकी कुणाचं त्या बाजूला जाणं झालं तर माझ्यासाठी फोटो आणा, वरचे देखणे फोटो नकोत. पाण्याखालची पहिली फळी कीलला (बोटीच्या तळाच्या मुख्य तुळईला) जिथं बसते तो सांधा, मागच्या बाजूला फळ्या जिथं आवळून एकत्र येतात ते टोक, आणि जुनी फळी काढून नवी घातली असेल तर जोड कुठं दिलाय तो. कुजलेली फळी टाकून देतात का आधी तिचं माप नवीवर उतरवून घेतात हेही विचारा. आमच्याकडं आम्ही जुनी फळी ठेवतोच, तिच्यावरूनच नवीचा बाक ठरतो.

रापणीची_लेक

जुनी गलबतं बाब, हे सगळं वाचून मला एकच विचारायचंय आणि ते खारीवाडा बाबांना विचारायचंय. गेल्या काही वर्षांत वादळात अडकलेल्या बोटी तुमच्याही होत्या आणि आमच्याही. बचाव आणि राखण दोन्ही करणारी एक बोट गावांनी मिळून ठेवली, रापणकार आणि ट्रॉलरवाले दोघांनी पैसे घालून, कायद्याचा अधिकार असलेला सरकारी माणूस तिच्यावर बसवून, तर तुमच्या जेटीवरचे लोक वर्गणी देतील का? मनातलं खरं सांगा, गोड बोलू नका.

खारीवाडा_वास्को

खरं सांगतो, सगळे देणार नाहीत. एलईडीवाले तर नाहीच. पण बचावासाठी म्हणून विचारलं तर निम्मेतरी देतील असं मला वाटतं, कारण इंजिन बंद पडून रात्रभर हेलकावे खाल्लेले आमच्यात खूप जण आहेत. दोन गोष्टी मात्र आधी ठरायला पाहिजेत. बोटीवर दोन्हीकडची माणसं हवीत, फक्त तुमची किंवा फक्त आमची नकोत. आणि कुणाला किती किलोमीटरवर पकडलं ते जीपीएसच्या आकड्यासकट वहीत लिहून ती वही जेटीवर सगळ्यांना बघायला ठेवायची, मग तो माझा सख्खा भाऊ असला तरी.

१ जूनला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी लागली की सगळे मालक जेटीवरच असतात, जाळी दुरुस्त करत बसलेले. तेव्हा मी विषय काढतो. तुमच्याकडून कोण बोलायला येईल ते आधी कळवा, आणि शक्य असेल तर वयस्कर रापणकार कुणीतरी या, आमचे म्हातारे त्यांचंच ऐकतील.

रापणीची_लेक

काकांना घेऊन येते. ते १९७८ ला मोर्च्यात होते आणि तुमच्या खारीवाड्यात त्यांची सासुरवाडी आहे.